मिठाची कंजुषी

यवतमाळात बसून घरात समुद्र पाळणारा माणूस वेडा, यावर माझ्या सासुरवाडीत एकमत आहे. मी जुन्या मोटारी, पंप आणि बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची यंत्रं घेतो आणि विकतो. शेजारच्या लोहाऱ्याला माझी स्वतःची शेड आहे. ती मला कुणी लग्नात दिलेली नाही. बैठकीतली काचेची टाकीही मी नागपूरच्या एका शौकिनाशी घासाघीस करून, आतल्या प्रवाळासकट आणि दोन नारिंगी माशांसकट उचलून आणली. तेव्हापासून माझे थोरले साडू मला 'समुद्रशेठ' म्हणतात. त्यांना स्वतःला पाळता आलेली एकमेव गोष्ट म्हणजे त्यांचं पोट, पण ते असो.

साडू दर उन्हाळ्यात सहकुटुंब आमच्याकडे मुक्कामाला येतात. प्रेम वगैरे आहेच, शिवाय आमचा कूलर मोठा आहे. यंदा ते असतानाच मला आणि बायकोला फुलसावंगीला एका लग्नाला जावं लागलं. माझा पाय निघत नव्हता. मे महिन्यात पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा लावावा लागतो, आणि पंख्याने पाणी भराभर आटतं. आटतं ते निव्वळ पाणी. मीठ मागेच राहतं आणि टाकी रोज थोडी जास्त खारट होत जाते. म्हणून आटलं तेवढं गोडं पाणीच भरायचं असतं. मी आरओच्या पाण्याच्या कॅन भरून ठेवल्या, काचेवर पेनाने रेघ ओढली आणि साडूंना बजावलं, "भाऊजी, रोज ह्या रेघेपर्यंत कॅनमधलं पाणी टाका. मीठ अजिबात नाही."

"समुद्रात साधं पाणी?"

"साधंच."

ते गालात हसले.

परत आलो तर एरवी हिरव्या बोटांसारखं डुलणारं प्रवाळ पार आखडून गेलं होतं. एक मासा तळाशी कोपऱ्यात धापा टाकत होता. खारटपणा मोजायचं माझ्याकडे छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र आहे. काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरायचं. पस्तीसवर दिसायला हवी ती रेघ चाळीसला टेकली होती. यंत्र बिघडलं असेल म्हणून नेमक्या पस्तीस खारटपणाच्या, तपासणीच्या बाटलीतले थेंब टाकून पाहिले. ते बरोबर पस्तीस दाखवत होते. यंत्र खरं बोलत होतं. घरात दुसऱ्याच कोणीतरी उद्योग केला होता.

"भाऊजी, काय टाकलं तुमी ह्याच्यात?"

साडू आंबा चोखत होते. "काय म्हणजे? मीठ. तुमचंच हाये, टाकीखालच्या थैलीतलं. बरोबर पान्यात घोळून टाकलं."

"मी नाई म्हनलो होतो न!"

"आता तुमचा सोभाव का आमाले माहीत नाही? भाजीवाल्याले रडवून कोथिंबीर फुकट आननारा मानूस. म्हनलं, शेठ मीठ वाचवून राह्यले असतीन. मुक्या जिवाले काहून उपाशी ठेवा? दोन मुठी जास्तच टाकल्या रोज."

एवढ्या उदार माणसाला काय बोलणार? मी बरंच बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग भरलेली कॅन उचलली आणि टाकीत उपडी करायला निघालो. बायकोने दंड धरला.

"जुनी मोटार घेताना एका दमात अर्धा भाव सांगता का तुमी?"

"नाही. समोरचा उठून जातो."

"मंग हे बी उठून जातीन न."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण रागात माझा हात आधी चालतो. आतले जीव त्या जास्तीच्या मिठाला कसेबसे रुळलेले असतात. एकदम गोडं पाणी ओतलं तर तो दुसरा धक्का. कॅन खाली ठेवली. टाकीतलं थोडं पाणी काढायचं, तेवढंच आरओचं पाणी, टाकीइतकं कोमट करून, पंपाच्या धारेजवळ बारीक सोडायचं, थांबायचं, मोजायचं. दिवसाला एका अंकापेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही.

"लोट्यानं समुद्र उपसून राह्यले शेठ," साडू सोफ्यावरून म्हणाले. "एकदाच टाका न, खतम करा!"

त्यांचा मुक्काम संपत आला होता. ते निघायच्या आत प्रवाळ उघडावं आणि त्यांच्या नाकासमोर डुलावं, असं मला फार वाटत होतं. कॅन हाताशीच होती. पण त्यांचं तोंड बंद करायला माशाचा जीव घालवणं हा सौदा मला तोट्याचा वाटला. यंत्रातली रेघ अजून पस्तीसच्या वरच होती तेव्हा त्यांनी बॅगा उचलल्या. दारातून टाकीकडे पाहून म्हणाले, "मेलं बाप्पा ते. दुसरं घ्या आता." ते घरी पोचेपर्यंत अख्ख्या सासुरवाडीला कळलं होतं की मिठाचा खर्च झेपला नाही म्हणून माझा समुद्र मेला.

मी मुकाट्याने रोज एक-एक अंक उतरवत राहिलो. मासा आधी कोपऱ्यातून निघाला, मग खाऊ लागला. रेघ पस्तीसला आल्यावरही प्रवाळाने भाव खाल्लाच. मग एका सकाळी त्याचं एक बोट बाहेर आलं, पाठोपाठ बाकीची. बायको चहा विसरून टाकीसमोर उभी राहिली.

मी लगेच व्हिडिओ काढून सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. साडूंचं उत्तर आलं, "जुना हाये." मी काचेला त्या दिवसाचा पेपर टेकवून दुसरा काढला. त्यावर आलं:

"पाहा! शेवटी टाकलंच न मीठ!"