खुशीनं खोदलेलं तळं

आमच्या गावात मला ‘आफ्रिकावाली बाई’ म्हणतात. गाव राज्याच्या सीमेवर, जैनथच्या पुढं, पैनगंगेच्या अंगाला. मी हैदराबादला इतिहास शिकवते आणि पूर्व आफ्रिकेतल्या एका जुन्या वसाहतीवर अर्धं आयुष्य घालवलं आहे, हे गावाला सांगून सांगून मी थकले. नावापुढं डॉक्टर लागल्यावर आधी लोक गुडघे दाखवायला आले. हिच्याकडं औषध नाही म्हटल्यावर, तिथं सिंह पाहिला काय, एवढंच त्यांना विचारायचं उरलं.

हैदराबादची शिकलेली माणसं सिंहाचं विचारत नाहीत. ती चहाचा कप हातात धरून, मान कलती करून विचारतात की तुम्ही तुमच्या लोकांवर का लिहीत नाही. ‘तुमचे लोक’ कोण ते कोणी बोलत नाही. आडनाव ऐकलं तेव्हाच ते ठरलेलं असतं. माझा एक सहकारी फ्रान्सचा इतिहास शिकवतो. त्याला आजवर कोणी म्हटलं नाही की बाबा रे, तू तुझ्या गल्लीवर का लिहीत नाहीस. सारं जग त्यांना मोकळं, आणि आम्ही मात्र आमच्या वस्तीतच राहायचं. मी आफ्रिका निवडली त्यात थोडा अभ्यास होता आणि पुष्कळसा हाच राग होता.

माझं काम सोप्या शब्दांत सांगायचं तर असं. गोरे अंमलदार वरच्या साहेबांना अहवाल पाठवत: अमुक रस्ता झाला, कापसाचं सरकारी शेत नांगरलं, लोक आपखुशीनं कामाला आले. मी त्या ‘आपखुशी’च्या मागं लागले. त्याच अंमलदारानं त्याच सुमाराला दोर किती मागवले, पहारेकरी किती वाढवले, कोणती गावं ओस पडल्याची तक्रार केली, ते कागद शोधून त्या वाक्याच्या शेजारी ठेवायचे. शेजारी ठेवले की वाक्य आपोआप खोटं पडतं. एवढीच माझी विद्या.

पण मी त्या गावांमध्ये गेले तेव्हा एक पंचाईत झाली. तिथले म्हातारे मला सांगत, आमचे बाप खुशीनं गेले, कोणी जबरदस्ती केली नाही. ज्यांच्या बापांच्या पाठीवर चाबूक ओढल्याचं मी साहेबाच्याच हस्ताक्षरात वाचून आले होते, तेच हसून असं सांगत. मी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. साहेब गेला, पण त्याचे शब्द लोकांच्या तोंडी बसले, असा त्याचा मथितार्थ. त्या प्रकरणाचं कौतुक फार झालं.

बाबा शाळामास्तर होते, आता निवृत्त होऊन गावातच राहतात. इंग्रजी त्यांना वाचता येतं, पण माझं पुस्तक वाचायला ते कंटाळत. म्हणून सुट्टीत गावी आले की मी त्यांना एकेक प्रकरण मराठीत सांगायची. ते मन लावून ऐकत आणि मधेच माझं मराठी दुरुस्त करत. मी रस्त्याच्या कामाचं प्रकरण सांगत होते त्या दुपारी मात्र त्यांनी काही दुरुस्त केलं नाही. शेवटी म्हणाले की आपल्या गावचं तळं असंच झालं.

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी त्या तळ्यावर गेले, पाय बुडवून बसले, कोणी कधी बोललं नाही. बाबांनी सांगितलं की निजामाच्या काळात पटेलानं, म्हणजे गावच्या पाटलानं, आमच्या वस्तीला वेठीला धरून ते खोदून घेतलं. बायामाणसांनी टोपल्या वाहिल्या. मजुरी म्हणजे शिव्या. आज्याचा, म्हणजे बाबांच्या वडिलांचा, धाकटा भाऊ वारला त्या दिवशी आजा खोदायला गेला नाही, तर पटेलानं त्याला उन्हात ओणवं उभं केलं आणि पाठीवर मोठा दगड ठेवला. दिवस मावळेपर्यंत. आज्याची पाठ पुढं सरळ झालीच नाही. मी आज्याला पाहिलेलं नाही, पण तो जन्मभर जमिनीकडं बघत चालला हे त्या दुपारी मला कळलं, आणि मी रडले. बाबा रडले नाहीत.

पुढं सरकारी योजनेतून तळ्याचा गाळ निघाला, बांध दुरुस्त झाला. सरपंचाच्या मनात आलं की बांधावर एक दगड बसवावा, तेलुगूत आणि मराठीत, तळ्याचा इतिहास कोरून. सरपंच किराणा दुकानदाराच्या घरचा. त्यानं मला फोन केला की मॅडम, तुमी इतिहासवाल्या, तुमीच लिवून द्या. मी त्याला आधीच बजावलं की मी लिहिलं तर खरं लिहीन. तो म्हणाला, जे झालं ते लिवा, आपल्याले काय.

मी चार ओळी लिहिल्या. तळं वेठीनं खोदलं गेलं, खोदणारी घरं अमुक वस्तीतली होती, आणि खाली बाबांना आठवली तेवढी नावं. आज्याचं नाव सगळ्यात वर. परदेशातल्या दफ्तरात चाबूक खाल्लेल्या एका माणसाचं नाव सापडावं म्हणून मी महिने घालवले होते, आणि सापडलं नव्हतं. इथं नावं होती. ती दगडावर यावीत एवढंच मला हवं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं मला आठवत नाही. लिहिलेलं पाठवलं आणि कार्यक्रमाला म्हणून गावी गेले.

बांधावर मंडप होता, खुर्च्या मांडून झाल्या होत्या. दगडावर पडदा होता, तो मी बाजूला सारून पाहिला. सुबक अक्षरांत कोरलं होतं: ‘हे तळे गावकऱ्यांनी आपखुशीने, श्रमदानातून खोदले.’ नाव एकही नाही.

माझं डोकंच फिरलं. सरपंचाला मी तिथंच गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. पटेलाच्या घरच्यांनी दम दिला असणार, दुकानदाराला गिऱ्हाईक सांभाळायचं असतं, असं बरंच काही. तो बिचारा ऐकून घेत राहिला. मग हळूच म्हणाला, “मॅडम, आमी काई नाई केलं. मास्तरायनंच घरी येऊन बदलवून देल्लं. तुमी त्यायलेच इचारा.”

बाबा मंडपामागं उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट; सारी नोकरी त्यांनी तशाच शर्टात केली. मी विचारलं, बाबा, तुमी काऊन बदलवलं. त्यांनी टाळाटाळ केली नाही.

“पटेलाच्या नातवाईले त्या दगडाचं काई वाटनार नाई, माय. जाता-येता वाचतीन अन् पुढं जातीन. मान खाली घालाची पाळी आपल्याच पोराईवर येईन. उद्या घरी पाहुने येतीन, ते काय वाचतीन? याचा आजा पाठीवर गोटा घेऊन उभा होता?”

मी म्हटलं, लाज पटेलाला वाटायला हवी. ते म्हणाले, वाटाले पायजे, पन वाटत नाई. मी आणखीच चिडले. परक्या म्हाताऱ्यांना समजून घेण्यासाठी मी अख्खं प्रकरण खर्ची घातलं होतं. घरच्या म्हाताऱ्याला समजून घ्यायची मला मुळीच इच्छा झाली नाही. मला त्यांचा राग आला, आणि तो अजून आहे.

मग नारळ फुटला, शाली झाल्या. गावची शिकलेली लेक म्हणून दगडावरचं मोठ्यानं वाचायला मला उभं केलं. समोर वस्तीतली झाडून सारी माणसं होती, मागच्या रांगेत पटेलाच्या घरचेही दोघे होते. मी लिहिलेलं मला तोंडपाठ होतं. दगडावर काय कोरलंय ते लांबून कोणाला दिसत नव्हतं. मी मला हवं ते वाचू शकले असते. पहिल्या रांगेत बाबा ताठ बसले होते आणि माझ्याकडं बघत होते. विनवणी नव्हती त्यांच्या डोळ्यांत. पोरगी आता आपल्याला भर मंडपात वाकवते की काय, असं ते बघत होते.

मी जे कोरलं होतं ते वाचलं. आपखुशीनं, श्रमदानातून. वर्गात शिकवते त्या खणखणीत आवाजात वाचलं. पहिली टाळी बाबांनी वाजवली. पोरांनी मोबाईलवर सगळं घेतलं आणि संध्याकाळपर्यंत जैनथपासून गुडीहत्नूरपर्यंतच्या नातेवाइकांचे फोन आले की छान बोललीस.

घरी परतताना बाबा खुशीत होते. चालता चालता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जो ते एरवी ठेवत नाहीत.

“तुले लिवाचं अशीन तं तुया पुस्तकात लिव ना, माय. इंग्रजीत लिव. तिथं आपल्याले कोनी वळखत नाई.”

तेव्हापासून मी कितीदा तरी ते लिहायला बसले आहे. पण पुराव्याशिवाय मी लिहीत नाही. पुरावा म्हणून आता तळ्यावर दगड आहे, त्यावरचे शब्द खोदणाऱ्याच्या मुलाचे आहेत, आणि लोकांच्या मोबाईलमध्ये ते वाचणारा आवाज माझा आहे.