साबणाने मेलेले अमिबा

शुद्धलेखन चुकेल, अक्षर तर कोंबडीचे पाय. त्याबद्दल आधीच माफी. चौथीनंतर पेन हातात आलं ते मस्टरवर सही करण्यापुरतंच.

वसईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुवायचे. तिथल्या मॅडम अमिबांवर अभ्यास करत. अमिबा म्हणजे पाण्यातला जीव, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्यांनी तो बशांमध्ये वाढवला होता. त्यांना तळ्याचं पाणी हवं होतं, म्हणून उमेळ्याच्या आमच्या वाडीतल्या बावखलाचं पाणी मीच बाटलीतून नेलं. ते घातलं त्या बशांमधले अमिबा फुटून मेले.

"मावशी, साबण राहिला तुमचा," मॅडम म्हणाल्या.

नीट धुतलंय, एवढंच मी म्हटलं. त्यांनी मी धुतलेली एक बशी विसळली आणि ते पाणी मुलांसमोर माझ्यापुढे धरलं.

"साबण नाही ना? मग प्या."

मी प्यायले. चव काहीच नव्हती. तसं सांगितलं.

"घरी राखेने घासतात, यांच्या जिभेला काय कळणार!" एक मुलगी म्हणाली. सगळे हसले, मॅडमही. अमिबा बाहेरून मागवलेले होते, म्हणून माझ्या पगारातून दर महिन्याला पैसे कापायचं ठरलं.

घरी सांगितलं तर सासू म्हणाली, "दिसत नाय त्या किड्यांचे पैशे? उद्या हवा मेली म्हनून कापतील. आनि तू प्यायलीस? गाढव!"

भांडी शिपायाकडे गेली, माझ्याकडे फरशी आली. तरी अमिबा मरतच राहिले. मेलेल्यांच्या आत मॅडमना ठिपके दिसले. विषाणू इतका बारीक, की त्यांच्या गाळणीतून खाली उतरतो. वर अडकला तो जिवाणू, अशी त्यांची रीत. ठिपके वर अडकले म्हणून जिवाणू ठरले. पण कुठल्याच जिवाणूशी त्यांचं जुळेना. शेवटी मुंबईहून मोठ्या यंत्रातला फोटो आला. सहा बाजूंचं काहीतरी, भोवती नारळाच्या सोडणासारखे केस. तो विषाणूच होता, पण राक्षसी. परदेशातही असा एक कितीतरी वर्षं जिवाणू म्हणून पडून होता, असं मॅडम मुलांना सांगत होत्या. अमिबांना आतून तोच फोडत होता.

मॅडमनी पेढे मागवले. आणायला मलाच पाठवलं.

"मेले ते बरंच झालं!" म्हणत त्या मुलांना पेढे भरवत होत्या. साबणाचं नाव कोणी काढलं नाही. त्या महिन्यातही पगार कापला. मी सही करून उरलेला घेतला.

पुढे त्यांना तेच पाणी पुन्हा लागलं. या वेळी त्या स्वतः बाटल्या घेऊन वाडीत आल्या. सासू बावखलाच्या काठावर उभी राहिली.

"माझ्या सुनेला धुवन पाजलंत ना? आधी तिचे पैशे, मग पानी."

"मावशी, तुम्ही कधी बोलला नाहीत!" मॅडम मला म्हणाल्या.

"ती बोलते कुठं? मुकं ढोर आनलंय पोरानं. म्हनून तर तुमचं फावलं."

यावर दोघी हसल्या. मॅडमच्या पर्समध्ये होते तेवढे त्यांनी दिले. सासूने अर्ध्याच बाटल्या भरू दिल्या. मी वाकून भरल्या.

दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे आले. कापलेली पै न पै फिटली. सासूने नोटा दोनदा मोजल्या आणि स्वतःच्या कनवटीला लावल्या.