बेंजोच्या सुरात लावलेली गिटार

सोलापूरच्या वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मित्राकडं एक कॅसेट होती. तिच्यावर ना चित्र ना नाव. रेल्वेत नोकरीला असलेल्या त्याच्या थोरल्या भावानं ती कुणाकडून तरी भरून आणली होती. सगळी इंग्रजी गाणी. माझं इंग्रजी तेव्हा परीक्षेपुरतं होतं, त्यामुळं गाणारा काय म्हणतोय ते मला कळत नसे. पण त्याच्या मागं जी गिटार वाजायची, तिनं माझं डोकं खाल्लं.

त्या गिटारीत घोगरेपणा नव्हताच. सगळा आवाज वरच्या पट्टीतला, उजळ, खणखणणारा. वाजवणारा एकेक तार उचलत जायचा आणि आधीची तार अजून वाजत असतानाच पुढची सुरू करायचा. सूर एकमेकांत सांडायचे. बैल थांबला तरी त्याच्या गळ्यातली घुंगरमाळ जरा वेळ हलत राहते, तसं गाणं संपल्यावरही काहीतरी हलत राहायचं. ते ऐकलं की मला बसवत नसे. मी पुस्तक मिटून जिना उतरायचो, स्टेशनकडं चालत जायचो, काही काम नसताना परत यायचो. मित्र म्हणायचा, "तुला गाणं लागत नाही, मुंग्या लागतात."

पुढं नोकरीला लागल्यावर वाचनालयातल्या मासिकांतून मला या आवाजाचं कूळ थोडंफार समजलं. साठच्या दशकात तिकडं परदेशात बारा तारांच्या विजेच्या गिटारी निघाल्या. तारांच्या जोड्या असत, जाड तारेशेजारी तिच्याच सुराची, पण वरच्या सप्तकातली बारीक तार. जुनी लोकगीतं गाणाऱ्या पोरांनी त्या हातात घेतल्या आणि हा चकाकता आवाज सगळीकडं झाला. मग गिटारी जड झाल्या, गुरगुरायला लागल्या आणि हा आवाज मागं पडला. मी कॉलेजात होतो त्याच सुमारास तिकडच्या ढगाळ, गिरण्यांच्या गावांतल्या पोरांनी तो पुन्हा उचलला. बारा तारा कुणाला परवडतात? त्यांनी सहा तारांवरच भागवलं. बोटानं एखाददुसरी तार दाबायची, बाकीच्या मोकळ्या वाजू द्यायच्या. हे वाचताना मला हसू आलं. मोकळ्या तारांचं ते काम जळकोटच्या अलीकडच्या आमच्या वस्तीत, समाजमंदिराच्या फरशीवर बसून आम्ही करून ठेवलं होतं, तेही चुकून.

झालं असं, की मित्राचा भाऊ आखातात गेला आणि त्याची गिटार कपाटावर पडून राहिली. मित्र म्हणाला, घेऊन जा. एप्रिलमधल्या जयंतीसाठी मी गावी निघालो तेव्हा ती सोलापुरी चादरीत गुंडाळून एस.टी.त चढलो. कंडक्टरनं चादरीकडं बघितलं.

"ह्यात काय हाय? लेकरू असंल तर हाफ तिकीट काढ."

"गिटार आहे."

"मग वाजव की. डायवर पेंगायलाय."

सगळी गाडी हसली. मी चादर आणखी घट्ट आवळली.

आमची एक गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नांना, नामकरणाला ती गायची. पेटीवर आणि गळ्यावर माझे चुलते. त्यांना मी तात्या म्हणतो. माझे वडील मी लहान असतानाच वारले. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची आणि तात्या दुष्काळी कामावर मिळालेली सुकडीची पिशवी आमच्या घरी आधी टाकून मग स्वतःच्या घरी जायचे. पुढं ते सहकारी साखर कारखान्याच्या गेटवर पहारेकरी म्हणून कायम झाले, आणि मी कॉलेजात गेलो तो त्या गेटमुळंच. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. हे मी कुणाला सांगायला लागलो की आई म्हणायची, "आधी तात्याचं नाव घे." आजही घेतो.

पार्टीत बेंजो वाजवणारा सूतगिरणीत कामाला होता. आमच्याकडचा बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. बटणं दाबली की एकदोन तारांवर चाल वाजते, बाकीच्या तारा सा आणि प धरून नुसत्या झंकारत राहतात. समाजमंदिरात तालमीला बसलो तेव्हा त्यानं गिटार मांडीवर आडवी घेतली, खुंट्या पिळून बघितल्या.

"हिचा सूर कुठला?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. मित्रालाही माहीत नव्हतं.

"खुंट्या हायत, तारा हायत. मग बेंजोच की ही, बिनबटणाची." आणि त्यानं सहाही तारा बेंजोसारख्या लावल्या. सा, प, सा, पुन्हा प, वर सा, सा. त्यात एक तार तटकन तुटली, तर तिथं बेंजोची तार ओढून बसवली.

मी वरची एकच तार बोटानं दाबत चाल वाजवली आणि बाकीच्या सगळ्यांवरून नखी फिरवली. आणि समाजमंदिरात जणू ती कॅसेटच सुरू झाली. तोच उजेड, तोच खणखणाट, तेच सूर एकमेकांत सांडणं. ढोलकीवाला म्हणाला, "च्यायला, भांड्याचं दुकान उघडलंस की." पण त्याची बोटं ढोलकीवर आपोआप चालायला लागली होती. आम्ही तात्यांच्या आवडत्या गाण्याची चाल धरली.

तेवढ्यात तात्या ड्युटीवरून आले. दारात सायकल लावली, आत आले आणि उभेच राहिले. चप्पलसुद्धा काढली नाही. चाल संपेपर्यंत ते त्या गिटारीकडं बघत होते. मग म्हणाले, "ते जयंतीला वाजायचं न्हाय."

"तात्या, नवीन आवाज आहे. बाहेरचा. लोकांना आवडेल."

"न्हाय म्हणलं नव्हं?" आणि सायकल काढून गेले. त्या दिवशी तालीम झाली नाही.

जयंतीला अजून दिवस होते आणि माझ्या डोक्यात तेवढं एकच होतं, तात्या नाही का म्हणाले. तात्या तोंडावर नाही म्हणणारा माणूस नव्हता. माझ्या कॉलेजाला, माझ्या चष्म्याला, विज्ञान सोडून कला शाखा घेण्यालाही त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. मी घरात बसलो की उठायचो, उठलो की हायवेवर जायचो. विहिरी आटलेल्या, शेतं नांगरून तशीच पडलेली, कुणालाच काम नाही, त्यामुळं सगळं गावच माझ्यासारखं इकडून तिकडं हिंडत होतं. हैदराबादकडं जाणारे ट्रक बघत मी कडुनिंबाखाली उभा राहायचो. त्या पार्टीत तात्यांच्या शब्दाबाहेर जाऊन वाजवणं मला जमणार नव्हतं, आणि न वाजवता राहणंही जमेना.

शेवटी कोडं आईनं सोडवलं. टँकरची वाट बघत ती घागर घेऊन बसली होती, मी शेजारी.

"तात्याला त्या तारा कामून सोसंनात, म्हाईत हाय का तुला?" ती म्हणाली. "तुझा आज्जा वाघ्या हुता. तुणतुणं घिऊन अणदूरला, आजूबाजूच्या गावात खंडोबाच्या नावानं वारी मागायचा. भावजी, तुझा तात्या, बारके हुते, मागायचं लाकडी भांडं, कोटंबा, घिऊन त्याच्या मागं. तार वाजली की बाया भाकर घिऊन भायेर यायच्या. वरनं टाकायच्या. आपल्या लोकांच्या हाताला हात लागू द्यायच्या न्हायत."

तिनं घागर जरा सावलीत सरकवली.

"छप्पन साली आपण धम्म घेतला. म्या नुकती नांदायला आल्ते. आज्ज्यानं दिक्षा घिऊन आल्या आल्या तुणतुणं चुलीत घातलं. भाकरी झाल्या त्याच्यावर त्या दिवशी. तार तेवढी जळंना. राखंत गावली मला. म्या तिनं शिंकं टांगलं."

ते शिंकं मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्याला दोरीऐवजी तार का आहे, हे कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या गेटवर गेलो. उसाअभावी हंगाम लवकर आटोपला होता. बैलगाड्यांची रांग नव्हती, वजनकाट्यावर कुत्री झोपली होती. तात्या स्टुलावर बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं, "गिटार परत नेऊन देतो."

"कोण सांगितलं तुला?"

"आईनं."

त्यांनी गेटची साखळी काढून पुन्हा अडकवली.

"तात्या, पण ते तुणतुणं नाही. तो आवाज विलायती आहे. तिकडची कॉलेजची पोरं वाजवतात."

"आसंल. माझ्या कानाला विलायत कळत न्हाय. बेंजो पेटीत दबून वाजतोय, त्येचं काय वाटत न्हाय. पर तार अशी मोकळी झणझणली की माझं तोंड कोरडं पडतंय आन् हात फुडं यायला बघतोय. अजून." त्यांनी हात मांडीखाली घातला. "आता तू म्हणशील, तात्या अडाणी हाय."

"मी असं कधी म्हणेन का?"

"म्हणू नगंस. म्हणलास तर फी कोण भरंल?" आणि ते हसले. मलाही हसावं लागलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "माझ्या गाण्यात ती वाजायची न्हाय. ते पक्कं. पर तुझं तू गाणं कर आन् वाजव. चाल तुझी, शब्द तुझं. फकस्त एक बग. तुणतुणं वाजलं की आमच्या तोंडात मागणं यायचं. तुझी तार वाजल्यावर तुझ्या तोंडात काय येणार, ते आदी ठरीव. न्हायतर मग नुसताच आवाज हाय, कशाला करायचा?"

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो, मराठी हा माझा मुख्य विषय होता, आणि माझ्या तोंडात काहीच नव्हतं. कॅसेटवरचे शब्द मला कळत नव्हते आणि त्यांचं मला कधी अडलंही नव्हतं. मला त्या खणखणाटात नुसतं पुढं पुढं जायचं होतं. आता कुठं, ते सांगायची वेळ आली होती. मी लिहायला बसलो की मोठमोठे शब्द यायचे. क्रांती, पहाट, वणवा. ते गिटारीवर म्हणून बघितले की भाषण वाटायचं. बेंजोवाला म्हणाला, "हे तर पुढारी टोपी घालून बसल्यागत वाटायलंय." मी पुन्हा हायवेवर.

शब्द आले ते टँकरवर. टँकर गावच्या आडात पाणी सोडायचा आणि दोर टाकायचा मान आधी गावाला. आमच्या बायांच्या घागरी बाजूला, एका रेघेत. कुणी पाटी लावली नव्हती, कुणी बोललंही नव्हतं, पण त्या तशा बाजूला लागायच्या. आमच्या बायांचा नंबर येईस्तोवर गाळ. त्या दिवशी माझ्या आईनं घागर उचलली आणि रांगेच्या मधे नेऊन ठेवली. एवढंच केलं. भांडली नाही. एक बाई म्हणाली, "अगं, तुमची तिकडं." आई म्हणाली, "तिकडं ऊन लागतंय घागरीला." आईनं पाणी भरून घेतलं.

मी घरी आलो आणि उभ्यानंच म्हणायला लागलो:

टँकर आलाय, दोर सोडा,
आमची घागर पुढं ओढा.

जयंतीच्या दुपारी मांडवात वंदना झाली, मग पार्टी बसली. ऊन रणरणत होतं, निळ्या पताका हलत नव्हत्या. तात्यांनी त्यांची गाणी म्हटली, बेंजोवर, बिनगिटारीची. मग त्यांनी माइक माझ्याकडं सरकवला, पेटीचा भाता बंद केला आणि उठून मांडवाबाहेर, पार हायवेकडं चालत गेले. मला त्यांची पाठ कडुनिंबापर्यंत दिसत होती.

मी नखी फिरवली. खणखणाट कर्ण्यातून असा काही सुटला की पुढं बसलेल्या लेकरांनी कानावर हात ठेवले. मी डोळे मिटून पहिल्या ओळी म्हटल्या, दुसऱ्यांदा म्हटल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली,

"आरं, ती झांज बंद कर की जरा! घागरीचं काय म्हणलास? परत म्हण!"

लोक हसले. मी तळहात तारांवर ठेवला, सगळं एकदम मुकं झालं, आणि त्या शांततेत मी नुसत्या गळ्यानं म्हटलं. घागर पुढं ओढा म्हणालो तेव्हा बायांच्या बाजूनं कुणीतरी "ओढली की!" म्हणालं आणि तिकडं मोठा गलका झाला. माझी आई पदरात तोंड घालून हसत होती. मग मी तळहात उचलला. शब्दांवर तारा बंद, शब्द संपले की मोकळ्या, असंच ते गाणं पुढं गेलं. मी ते तसं ठरवलं नव्हतं, म्हातारीनं ठरवलं होतं. एकच कडवं होतं, तेच मी फिरून फिरून म्हटलं.

गाणं संपलं तरी तात्या लगेच आले नाहीत. ढोलकीवाला वाट बघून पाणी प्यायला. मग ते आले, धोतराला चेहरा पुसून पेटीमागं बसले.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं. तुम्हाला ऐकू आलं?"

"रस्त्यापतुर आलं. घागरीचं समदं कळलं."

"आणि तारा?"

"त्याबी आल्या." त्यांनी भाता उघडला, बोटं पट्ट्यांवर ठेवली, पण वाजवलं नाही. उजवा हात उचलून एकदा उलटा सुलटा करून बघितला. "हात जाग्यावर ऱ्हायला," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "आन् एकच कडवं केलास व्हय? एवढा शिकून? दुसरं कर. लोक मागंच लागलेत."

मी त्याच सोलापुरी चादरीवर, गिटारीच्या बाजूला बसून दुसऱ्या कडव्याला लागलो. तात्यांनी पुढचं गाणं उचललं होतं.