मागवलेला पंप आणि आलेला पंप

अंबडच्या एका कारखान्यात मोहिनी बाहेरून येणारा माल तपासते. पुरवठादार कितीही ओळखीचा असो, खोकं उघडून पाहिल्याशिवाय ती सही करत नाही. घरीही तीच सवय. धाकटा भाऊ सुनील दिंडोरीजवळ टोमॅटो करतो. त्याच्यासाठी तिने ऑनलाइन मागवलेला फवारणीचा पंप आला, तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवूनच तिने खोकं फोडलं. वर लिहिलं होतं डबल मोटर. आत मोटर एकच.

संध्याकाळी सुनील पंप न्यायला आला.

"चालतोय ना? मग दे. प्लॉटवर करपा दिसायला लागलाय. तक्रार मागून करू."

"एकदा औषध भरलंस की तो वापरलेला माल झाला. मग तो त्यांनी परत का घ्यावा?"

"अन् तवर मी काय करू?"

"शेजारच्या गोरक्षचा माग दोन दिवस."

सुनील तोंड पाडून रिकाम्या हाताने गेला.

मोहिनीने अॅपवर परतीची विनंती टाकली. ती नाकारली गेली: 'या वस्तूला परतावा लागू नाही.' मोहिनी डगमगली नाही. मन बदललं म्हणून परत करणं वेगळं आणि चुकीचा माल आला म्हणून परत करणं वेगळं, हा फरक तिच्या रोजच्या कामातला होता. तिने कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल शोधला. जाहिरातीचा फोटो, बिल आणि व्हिडिओ जोडून चार ओळी लिहिल्या: काय मागवलं, काय आलं, पंप वापरलेला नाही, बदलून द्या. दाद मिळाली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जाईन, हेही कळवलं.

सुनीलचा फोन आला. "ताई, त्यांना एकच स्टार दे. अन् लिही, चोर हायेत."

"चोर कशावरून? खोकी बदलली असतील. जे आलं तेवढंच लिहिते."

"तू लय सरळ हायेस."

"शिव्या घातल्या की खरी तक्रारही कोणी वाचत नाही, सुनील."

त्याच आठवड्यात कंपनीतून एका बाईंचा फोन आला. गोदामात लेबलं उलटसुलट लागली होती. त्यांनी माफी मागितली आणि पंप बदलून देतो म्हणाल्या. मोहिनीने आधीचा पंप न्यायला आलेल्या माणसाला नोझल-पट्ट्यासकट मोजून दिला आणि पोच घेतली. नवा आला तोही तिने व्हिडिओ चालू ठेवूनच उघडला. या वेळी मोटरी दोन होत्या.

सुनीलने अंगणातच पाणी भरून पंप चालवून पाहिला. तुषार थेट कुंपणापलीकडे गेले, तसा तो खुलला.

मोहिनीने अभिप्राय लिहिला: आधी चुकीचा आला, तक्रार केल्यावर बदलून मिळाला.

"स्टार किती दिलेस?" सुनीलने विचारलं.

"तीन. हंगामभर नीट चालला तर चौथा देईन."