गयाआईचा फोटो

आश्विनातलं दुपारचं ऊन आमच्या मुकुंदवाडीच्या घरात पश्चिमेच्या खिडकीतून येतं आणि पिकलेल्या पेरूच्या सालीसारखा फिकट पिवळा रंग भिंतींना देऊन जातं. त्या उजेडात संगणकाचा पडदा नीट दिसत नाही, म्हणून मी खिडकीवर जाड चादर ओढून घ्यायची, आणि मग त्या कृत्रिम सांजवेळेत आम्ही दोघं बहीणभाऊ शेजारी शेजारी बसायचो. दादा माझ्याहून मोठा. चितेगावच्या एका कारखान्यात त्याची सारी नोकरी गेली, आणि सुट्टीचे सारे दिवस कॅमेऱ्यात गेले. वहिनी गेल्यावर तो माझ्याकडे राहायला आला तेव्हा सोबत कपड्यांची एक बॅग होती आणि फोटोंनी भरलेली हार्डडिस्क.

त्याच्या डोळ्यांना झालेला आजार विलक्षण आहे. दृष्टीचा मधलाच भाग विझत गेला. कडा तेवढ्या शाबूत राहिल्या. खिडकीची चौकट, दाराचा कोपरा, ताटाची किनार त्याला दिसते. ज्याच्याकडे तो थेट पाहतो, तेच नेमकं धुक्यात जातं. समोर बसलेल्या माणसाचे खांदे दिसतात, कान दिसतात. चेहरा पुसलेला असतो. ज्या माणसानं जन्मभर चेहरेच टिपले, त्याच्याच वाट्याला हे यावं याचं मला अजूनही नवल वाटतं, आणि नवलाहून अधिक काहीतरी, ज्याला मी नाव देत नाही.

दादा फोटो कच्चे ठेवायचा. रॉ म्हणतात त्या प्रकाराला. कॅमेऱ्यावर जेवढा प्रकाश पडला तेवढा सगळाच्या सगळा त्या फाइलमध्ये साठवलेला असतो, पण ती फाइल साध्या फोनवर उघडत नाही. संगणकावर तिचा उजेड, सावली, रंग ठरवायचे आणि मग तिची जेपेग करायची. तेव्हा कुठं तो फोटो कुणाला पाठवता येतो, कागदावर उतरवता येतो. लोक लग्नाचे, बारशाचे फोटो मागायचे. दादा म्हणायचा, "अजून कच्चा आहे. नीट करून देतो." नीट करण्याला त्याच्यालेखी अंत नव्हता. हळूहळू मागणारे थांबले. त्याला ते कळलंही नसावं.

डोळे गेल्यावर मात्र एका दुपारी तो म्हणाला, "विजू, तू शिकशील का? सगळ्यात आधी गयाआईचा फोटो करायचाय."

गयाआई म्हणजे अंकुशभाऊंची आई. अंकुशभाऊ दादाबरोबर त्याच कारखान्यात होते. घर दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी, मागं सीताफळांची बाग. हिवाळ्याच्या तोंडावरच्या एका संध्याकाळी दादानं त्या बागेत गयाआईचा फोटो काढला होता. सीताफळं निवडता निवडता तिनं वर पाहिलं, इतकंच. पाठीमागून तिरपं ऊन, आणि चेहरा झाडाच्या सावलीत. दादाला तो फोटो जिवापाड आवडला, आणि म्हणूनच तो कधी पुरा झाला नाही. चेहरा उजळला की ती होती त्याहून गोरी दिसायची. तसाच ठेवला तर डोळे हरवायचे. अंकुशभाऊ विचारत राहिले, दादा पुढच्या महिन्यावर ढकलत राहिला, आणि एका सकाळी गयाआई झोपेतच गेली.

पुढचं दादानं मला त्या दुपारीच पहिल्यांदा सांगितलं. अंकुशभाऊंचा फोन आला होता. दारात ठेवायला, हार घालायला फोटो हवा होता. दादा म्हणाला, संध्याकाळपर्यंत नीट करून देतो. फोनवर ते रडत म्हणाले, "नीट बिट काय नको रं. जसा हाय तसा दे." दादा कामावर निघायच्या घाईत होता. जसा आहे तसा म्हणजे हात न लावलेला, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि त्यानं ती कच्ची फाइलच पाठवून दिली. अंकुशभाऊंच्या फोनवर ती उघडली नाही. झेरॉक्सच्या दुकानात उघडली नाही. कारखान्याच्या फाटकात शिरताना फोन जमा करावा लागायचा, त्यामुळं दिवसभर दादाही त्यांना सापडला नाही. शेवटी दुकानदारानं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून दिला.

"एका बटणाचं काम होतं," दादा म्हणाला. "एका बटणाचं." त्यानंतर अंकुशभाऊ भेटत राहिले, चहा पीत राहिले, पण त्या फोटोचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि दादाला तो काढता आला नाही.

मी फाइल उघडली. पडद्यावर एक मळकं, निस्तेज चित्र आलं. धुक्यातून पाहावं तसं. मग दादा सांगत गेला आणि मी करत गेले.

"सावली उघड थोडी. हळू. पानांचा हिरवा तिच्या गालावर आला असेल, तो काढ."

"आता?"

"मला काय विचारतेस, मला दिसतंय थोडंच! सांग, कशी दिसते?"

"उजळ दिसते."

"मग परत जा मागं. गोरी नव्हती ती. भाजलेल्या शेंगदाण्याची साल असते ना, तसा रंग होता तिचा. आणि उन्हाची कड केसांवर राहू दे."

सावलीतून चेहरा वर येऊ लागला. तळ्याचं पाणी निवळताना तळाशी काही दिसू लागावं तसे आधी डोळे आले, मग वरच्या ओठाजवळची मिस्कील घडी, आणि मग कपाळावरचं बारीक हिरवं गोंदण. एवढी वर्षं हा चेहरा त्या अंधारात होता. कुणी हात धरून बाहेर आणायचीच वाट होती. मी दादाला एकेक सांगत गेले. तो मान वळवून, डोळ्याच्या कडेनं पडद्याकडे पाहायचा प्रयत्न करत होता. गोंदणाशी मी आले तेव्हा त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "बस. आता काही करू नकोस. जेपेग कर."

फोटो मोठा छापून, चौकट करून आम्ही दौलताबादला गेलो. रस्त्याच्या दुतर्फा सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या होत्या आणि हवेत तो गोड, किंचित आंबूस वास होता. अंकुशभाऊंनी दादाला हाताला धरून ओसरीवर नेलं. आतल्या भिंतीवर गयाआईचा हार घातलेला तो दुसरा फोटो मला दिसला: निळसर, फुटलेल्या ठिपक्यांचा, दचकल्यासारखे डोळे, घट्ट मिटलेले ओठ. त्यांची सून शीतल पाणी घेऊन आली. मी कागद सोडवला तशी ती वाकून पाहू लागली आणि सहज म्हणाली, "ह्या कोण, मामा?"

शीतल या घरात आली ती गयाआई गेल्यानंतर. तिची आजेसासू म्हणजे भिंतीवरची.

अंकुशभाऊंनी चौकट मांडीवर घेतली. काचेवरून बोट फिरवत कपाळापाशी थांबले. "आई हाय ही. खरी आई. हे गोंदण बघ, सूनबाई. मी इसरलोच व्हतो गोंदण." मग ते दादाकडे वळले. "मधूभाऊ, राग नको मानू. भितीवर नाय लावनार ह्यो. घरातली समदी त्याच फोटोला हात जोडत्यात. सणावाराला निवद त्यालाच दाखवत्यात. आता बदलला, तर आई दुसऱ्यांदा उचलल्यावानी व्हईल. ह्यो मी माझ्या कपाटात ठिवतो. माझ्यापाशी."

"चालेल," दादा म्हणाला. मग अगदी हलक्या आवाजात, "अंकुश, त्या दिवशी तू म्हणालास, जसा आहे तसा दे..."

"व्हय. मला काय ठावं, त्यात दोन परकार असत्यात." ते हसले. त्या हसण्यात डंख नव्हता, आणि त्यामुळंच दादाची मान खाली गेली असावी. निघताना त्यांनी आमच्या पिशवीत बागेतली सीताफळं घातली.

दुसऱ्या दिवसापासून दादानं कुठलाही फोटो सुधारू दिला नाही. उजेड असेल तेवढा असू दे, रंग असेल तो असू दे, नुसती जेपेग कर आणि ज्यांनी मागितला होता त्यांना पाठव. मी पाठवत गेले. कुणाचा उलट फोन आला, कुणी हात जोडलेलं चित्र पाठवलं. एका घरून कळलं की ते लग्नच मोडलं आहे, फोटो नकोत. काही क्रमांक आता दुसऱ्याच कुणाचे होते. दादा प्रत्येक उत्तर ऐकून घ्यायचा आणि पुढचं नाव सांगायचा.

मग एका दुपारी एक चेहरा आला. तरुण बाई, खांद्यावर पदर, मागं चुन्याची भिंत, आणि कुणीतरी नुकतीच हाक मारल्यासारखी वळलेली मान. मी दादाला तिचं वर्णन केलं. पदराचा रंग सांगितला, कानातलं सांगितलं. तो आठवत राहिला. कारखान्यातल्या कुणाची बहीण, नाहीतर एखाद्या हळदीतली पाहुणी. नाव आलं नाही. मलाही ती ओळखू येईना.

"कर जेपेग," तो म्हणाला.

मी केली. आता ती कुठल्याही फोनवर उघडणार होती.

"पाठव."

"कुणाला, दादा?"

चादरीच्या कडेतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर आली होती. दादानं मान वळवली, डोळ्याच्या कडेत त्या चेहऱ्याला धरायचा प्रयत्न तो करत राहिला, आणि पडद्यावरची ती बाई हाक कुठून आली ते पाहत राहिली.