क्राउन-पिनियन जोडीनंच मिळेल

लग्न होऊन पांढरकवड्याला आले तेव्हा माझी एक पक्की समजूत होती, की टापटीप म्हणजे एका जातीचं भांडं एका फळीवर. ताटात ताट, वाटीत वाटी. सासऱ्यांचा धंदा जुन्या गाड्या तोडायचा. हायवेवर उलटलेल्या, नाहीतर मालकाचा जीव ज्यांना विटला अशा पिकअप गाड्या ते आणायचे, खोलायचे आणि त्यातलं चालण्यासारखं असेल ते विकायचे. आवार घराला लागूनच. दारात उभं राहिलं की समोर गिअरबॉक्स, दरवाजे, स्प्रिंगचे पाटे, काळं तेल. मी दिग्रसजवळच्या तांड्यावरून आलेली. आमच्याकडे अंगणात सडा पडायचा, इथे अंगणात एक्सल पडलेले. मला त्या पसाऱ्याची भयंकर लाज वाटायची.

त्यातच माझा भाऊ भेटायला येणार असं कळलं, आणि सासरे गाड्या बघायला बाहेरगावी गेलेले. मी पदर खोचला. रॉकेल आणि चिंध्या घेऊन दिसेल ते पुसून काढलं. एका कोपऱ्यात दातेरी चाकं होती, एक मोठं आणि एक लहान अशी तारेनं एकत्र आवळलेली. मी मनात म्हटलं, बाईमाणसाचं लक्ष नसलं की असंच होणार, हे पुरुष काहीही कशालाही बांधून ठेवतात. सगळ्या तारा कापल्या. मोठी चाकं एका रांगेत लावली, लहान दुसऱ्या रांगेत, उतरत्या मापानं. रुखवत मांडतात ना, अगदी तसं. मधे झेंडूचं फूल ठेवायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

सासरे परत आले आणि त्या रुखवतासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हे कोनं केलं?"

"मी केलं, मामाजी," मी म्हटलं, आणि कौतुक झेलायला मान खाली घातली.

ते तिथल्याच एका टायरवर बसले. आधी कपाळाला हात लावला, मग पोट धरून हसायला लागले. "अवं पोरी, तू तं सगळ्यायची फारकत करून टाकली!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. गाडीच्या मागच्या एक्सलमध्ये ते मोठं चाक असतं, त्याला क्राउन म्हणतात, आणि त्याला फिरवणारं लहान ते पिनियन. दोघांना कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेलं असतं. दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. ज्याचं त्याचं जमतं ते आपल्या जोडीदाराशीच. दुसऱ्या कुणाशी बसवलं तर गाडी चालते, पण चालताना रडते. आणि रडता रडता एखाद्या दिवशी दात मोडून रस्त्यात बसते. सासरे भिंग घेऊन नंबर वाचत पुन्हा जोड्या लावू लागले. ज्यांचे नंबर गंजानं खाल्ले होते त्यांच्या जोड्या काही लागल्या नाहीत. ती चाकं लोखंडाच्या भावात गेली. भाऊ आला, चहा प्याला, आणि म्हणाला, "ताई, केवढं साफ ठेवलंस गं." सासरे दुसरीकडे बघून खोकले.

आता त्या आवारात मी बसते. मुलगा गॅस कटर चालवतो, मी तोंड चालवते. जुन्या पिकअपवाल्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. राजूरच्या कोळशाकडचे, दिग्रसच्या कापसाकडचे, इकडे हायवेवरचे. गाडीत काही बिघडलं की ते आवाज रेकॉर्ड करून पाठवतात आणि मी उत्तर देते. पाटा मधल्या छिद्रापाशी तुटला असेल तर पाट्याला शिव्या देऊ नका, तो आवळणारे तुमचे यू-बोल्ट ढिले आहेत. टोकाला तुटला असेल तर स्वतःला शिव्या द्या, माल जास्त भरला होता. आणि पार्ट घ्यायला येताना मोडलेला पार्ट सोबत आणा, नाहीतर चहा पिऊन परत जा. कारण मोडलं ते काय, एवढंच सगळे सांगतात. ते कशाच्या संगतीत मोडलं हे कुणी सांगत नाही, आणि खरं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

मागच्या हिवाळ्यात ग्रुपवर एका बाईचा आवाज आला. "याडी, ऐक," असं म्हणून तिनं चालत्या गाडीतून फोन मागच्या बाजूला धरला. याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई. फोनमधून गाडीचा लांबलचक हुंदका आला.

मी तिला फोन लावला. "कधी रडते वं? पाय दाबला की, का सोडला की?"

"दोन्ही टाइमाले. पहिले नव्हती रडत. मिस्त्रीनं काम केल्यापासून रडून राह्यली."

"काय टाकलं त्यानं?"

"लहानं चाक. मोठं चांगलं हाय म्हने, कायले बदलता."

मी कपाळावर हात मारून घेतला. "गाडी घेऊन ये. हळू ये. माल भरू नको."

ती आली. तिशीची असेल. गाडी सासऱ्याची, चालवते ही. तांड्यावरची भाजी भरून आसपासच्या आठवडी बाजारांना नेते. नवरा पुण्याला कंपनीत. शेजारच्या सीटवर सासरा बसलेला, पांढऱ्या मिशा, मांडीवर हातांची घडी. तो आधी उतरला आणि माझ्या मुलाला म्हणाला, "गाडी तोडाले द्यायची हाय. भाव सांगा."

मागून ती उतरली. "मी पार्ट घ्याले आली."

एकाच केबिनमध्ये बसून दोघं दोन कामांना आले होते, आणि वाटेत एकमेकांशी बोलले नसावेत.

"काहून तोडता, भाऊ?" मी विचारलं.

"किती डाव दुरुस्त करू? जंगलातला रस्ता हाय. ही एकटी असते. बंद पडली तं? तिच्या मायबापाले काय सांगू मी?"

"अन् गाडी गेली तं मी काय करू?" ती माझ्याकडे बघत बोलली, पण ते त्याच्यासाठी होतं. "पुन्हा लोकायच्या वावरात कापूस वेचाले जाऊ? माह्या भरवशावर सारा तांडा भाजी लावून राह्यला आता."

मुलानं मला बाजूला घेतलं. "आई, सोडू नको. दरवाजाले गंज नाही. ह्या मॉडेलचा गिअरबॉक्स राजूरवाला कधीचा मागून राह्यला."

तोंडाला पाणी सुटलं होतं हे कबूल करते. पण त्या पोरीचा चेहराही समोर होता. मग मी एक युक्ती केली. मला वाटलं, म्हाताऱ्यानं जन्मभर चालवलेली गाडी आहे. तिला नावं ठेवली की तो चिडेल, गाडीची बाजू घेईल आणि घरी घेऊन जाईल. मी गाडीभोवती फिरले. पत्र्यावर बोटानं वाजवलं.

"ही गाडी हाय का कोंबड्यायचं खुराडं?"

त्यानं मिशीवरून हात फिरवला.

"पत्रा सडला. इंजिन म्हातारं. हिले लोखंडाचाही भाव नाही भेटनार, भाऊ. उलट ओढून नेल्याची मजुरी मीच मागन."

त्यानं गाडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी मनातल्या मनात लाडू खात होते. मग तो म्हणाला, "बरोबर हाय तुमचं. चालते. जे देता ते द्या."

मुलाचा चेहरा फुलला. पोरगी माझ्याकडे पाकीटमार पकडल्यावर लोक बघतात तसं बघायला लागली. आणि मी तोंड उघडं टाकून उभी. वय झालं म्हणून रुखवत मांडणारी ती नवी नवरी कधीची निघून गेली असं मी समजत होते. ती कुठेच गेली नव्हती, पदर खोचून माझ्यातच बसली होती.

"थांबा भाऊ," मी म्हटलं. "मी खोटं बोलली."

"कायचं खोटं?"

"सारंच. गाडी चांगली हाय. आधी मागचं खोलू, मंग बोला."

मुलानं तोंड वाकडं केलं, पण गाडी जॅकवर घेतली. एक्सलमधून चाकं बाहेर काढली, पुसली. मी म्हाताऱ्याच्या हातात भिंग दिलं. क्राउनवर एक नंबर, पिनियनवर भलताच. तो दोन्ही नंबर बोटांनी चाचपत राहिला. मग मी त्याला माझ्या त्या टापटिपीची गोष्ट सांगितली, फुलासकट. तो हसला नाही. पोरगी मात्र पदर तोंडाला लावून खुदखुदली.

"म्हंजे मिस्त्रीनं बिघडवली?"

"त्यानं स्वस्तात करून देतो म्हटलं, तुमी हाव म्हटलं. दोघायनं मिळून बिघडवली. दोन चाकायपैकी एक इकत घेता येत नाही, मी बी देत नाही. जोडी हाय माह्याकडे. ह्याच मॉडेलची, तितक्याच दातायची. एका उलटलेल्या गाडीतली, पन मागचं सारं शाबूत होतं."

"हे बसवलं तं पुन्हा बंद नाही पडनार?"

हो म्हणायचा मोह झाला. पण त्या दिवशीचा खोटेपणाचा वाटा मी संपवला होता. "पडन. जुनी गाडी हाय. ह्या दुखण्यानं नाही पडनार, एवढंच."

तो उठून उभा राहिला. मला वाटलं, संपलं.

तेव्हा पोरगी बोलली. "मामाजी, तुमी चालवत होते तवा बंद नव्हती पडत का?"

"पडत होती."

"मंग?"

"मी गडी मानूस..." तो म्हणाला आणि अर्ध्यावरच थांबला.

"मी आजवर कवा गाडी रस्त्यात टाकून आली का? कोन्त्या गावात कोन मिस्त्री हाय, फोनले रेंज कुठं हाय, कोनाच्या दारात रातभर गाडी ठेवता येते, सारं माहीत हाय मले. तुमी कवा इचारलं नाही."

तो खरंच चुकत होता असं मी आजही म्हणणार नाही. रस्ता जंगलाचा आहे, पोरगी एकटी असते, हे सगळं खरं होतं. मी त्याच्या जागी असते तर मलाही झोप लागली नसती. पण पोरीचंही खरं होतं, आणि दोन्ही खरं एकदम ऐकताना म्हातारा खाली बसला. टायरवर.

"बसवा तं खरं," तो म्हणाला. "पाहू."

जोडी बसवताना घाई चालत नाही. देवाला लावतात तोच शेंदूर तेलात कालवायचा, क्राउनच्या दातांना लावायचा आणि चाक हातानं फिरवायचं. दातावर शेंदूर कुठून पुसला जातो ते बघायचं. मधोमध पुसला तर जमलं. कडेला पुसला तर मागच्या पातळ चकत्या कमी-जास्त करायच्या आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. शेंदूर पोरीनं लावला. पहिल्यांदा कडेला आला. चकती काढली, पुन्हा लावला. म्हातारा चष्मा पुसून जवळ सरकला.

"अजून कडेलेच हाय," तो म्हणाला.

"थोडाच, मामाजी."

"थोडा तं थोडा. अजून एक काढा. मंगाशी बरा सल्ला देऊन राह्यल्या होत्या याडी, आता गप काहून?"

मी मुलाला खूण केली. माझ्या मुलानं चकती काढली, पोरीनं चाक फिरवलं, आणि शेंदूर दाताच्या बरोबर मधे पुसला गेला. म्हाताऱ्यानं एकेक दात बघितला. सगळे बघितले. मग म्हणाला, "फिरव अजून एक डाव," आणि पुन्हा बघितले.

गाडी खाली उतरवली तेव्हा तो सरळ ड्रायव्हरच्या बाजूला गेला. दार उघडलं, एक पाय वर ठेवला. पोरगी जागची हलली नाही. त्यानं मागे वळून तिच्याकडे बघितलं. तिच्या कोपरापर्यंत शेंदूर माखला होता. मग तो उतरला, गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि जाऊन बसला.

"हात पूस पहिले," तो आतून म्हणाला. "स्टेरिंगले लागन."

गाडी फाटकातून हायवेला लागली. मला हल्ली बारीक आवाज नीट ऐकू येत नाहीत. ग्रुपवर हे कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. मी मुलाला विचारलं, "रडते का रे?"

त्यानं कान दिला.

"गाडी नाही रडत. बुढाच ओरडून राह्यला, क्लच हळू सोड म्हनून."