पिकअपवरची खोली

राहुरीचे सायमन मिस्त्री कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी तिला वजनकाट्यावर नेत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. पिकअपवर बॉडी बांधणारे बाकीचे मिस्त्री टेपने लांबी-रुंदी मोजून मोकळे होतात. यांना आधी रिकाम्या गाडीचं वजन लागे. "कागद कंपनीचा, गाडी तुमची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मला ते नसते लाड वाटले. माझी पत्नी सुनंदा अर्धांगाच्या झटक्यानंतर दोन वर्षं पारनेरच्या घरात एकाच खोलीत होती. बसमध्ये तिला बसवेना, मोटारीत पाय लांब करता येईनात. आमच्या कांदा वाहायच्या पिकअपवर झोपायची खोली बांधून तिला एकदाचं बाहेर काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. पलंग, कपाट, शेगडी, संडास, दोनशे लिटरची टाकी, अशी झकास यादी करून नेली होती.

काट्यावरून परतल्यावर मिस्त्रींनी माझी जिरवली. कागदावर गाडी बाराशे किलो पेलणारी. पण मी तिला लोखंडी जाळ्या ठोकून घेतल्या होत्या, त्यातच दीडशे किलो गेले. "ऱ्हायले साडेदहाशे. त्यातलं मी नऊशेच वापरनार. खोली उंच असती, घाटात वळनावर झुकती. आन् पानी लिटरला किलो भरतंय, मास्तर."

"मग स्प्रिंगचे पाटे वाढवा की."

"पाटे वाढवून बिरेक वाढत न्हाईत."

मग त्यांनी माझी यादी वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं : सुनंदा, बावन्न किलो.

"बाईंना सामानात धरलंय व्हय?" ते हळूच म्हणाले. "त्यांना इचारल्याबिगर मी पत्रा कापनार न्हाई. उद्या मीच येतो."

आणि खरंच आले, यष्टीनं. आमच्या अंगणात खडूने खऱ्या मापाची खोली आखली, सुनंदाची चाकाची खुर्ची त्या रेघांच्या आत आणवली आणि तिच्यापुढे उकिडवे बसले. "बाई, समदं काय बसत न्हाई. कपाट पायजे का मोठी खिडकी? काच जड असती. एकच बसंल."

सुनंदाला बोलायला वेळ लागतो. मी सवयीने म्हणालो, "कपाट लागेलच हो, तिची औषधं..."

मिस्त्रींनी माझ्याकडे न बघता हात वर केला. "मास्तर, तुमी जरा च्या टाका."

मी मुकाट्यानं आत जाऊन चहा टाकला. दोन वर्षं डॉक्टर, पाहुणे, सगळे तिची विचारपूस माझ्याकडेच करत होते आणि मीही बेधडक उत्तरं देत होतो. बाहेर बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग तिचा आवाज आला, "खि...डकी." मिस्त्रींनी पुढचं विचारलं. पुन्हा तितकाच वेळ. "शेगडी... नको. लई... केला... स्वैपाक." मिस्त्री खो खो हसले, पाठोपाठ तीही हसली. मला लाज वाटली आणि डोळेही भरून आले. चहा सगळा उतू गेला.

खोली झाली. सामान, टाकीतलं पाणी आणि आम्ही दोघं धरून आठशे ऐंशी किलो. आम्ही भंडारदऱ्याला जाऊन आलो, तिच्या माहेरी खर्ड्याला तर कितीदा तरी. दर वेळी निघण्याआधी मिस्त्रींचा फोन येई, आणि तो तिला द्यावा लागे.

गेल्या महिन्यात खर्ड्याहून परतताना त्यांच्या घरून फोन आला. मिस्त्री सकाळी गेले होते. मी गाडी कडेला लावली. पहिला विचार आला तो हाच की सुनंदाला कळू द्यायचं नाही. तिला घरी सोडायचं आणि एकट्यानं राहुरी गाठायची. तिला सोसायचं नाही, हेही मीच ठरवून टाकलं.

मग उतरलो, मागचं दार उघडलं, तिच्याजवळ बसलो आणि सांगितलं. ती खूप रडली. मी विचारलं, "काय करायचं?" आणि गप्प राहिलो. शेजारून ट्रक जात होते.

"जायचं," ती म्हणाली. मग दम घेऊन, "मला... गाडीत ठेवायचं नाही. आत... न्यायचं."

राहुरीला त्यांच्या घरात प्रार्थना चालू होती. दारातल्या माणसांनी सांगितलं, "वैनींना ऱ्हाऊ द्या गाडीत, पायऱ्या हायेत." मी म्हणालो, "त्यांना विचारा."